मेल सर्व्हर निवडताना आधी मेलबॉक्स पाहा

दिवसा सर्व्हरवर थेट लॉग-इन करून 'मट'सारख्या प्रोग्रॅममध्ये ई-मेल वाचायचे आणि रात्री घरून मोबाइलवर तोच मेलबॉक्स उघडायचा, ही गरज स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्या छोट्या संस्थांत आणि प्रयोगशाळांत आजही आढळते. अशा ठिकाणी सॉफ्टवेअरच्या नावाआधी पाहायला हवे ते ई-मेल डिस्कवर कसे साठविले जातात हे.

दुरून वाचण्यासाठी 'आयमॅप' हवे, याबाबत वाद नाही. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६मध्ये स्टॅनफर्ड येथे मांडलेल्या या पद्धतीत ई-मेल सर्व्हरवरच राहतात आणि वाचल्याच्या खुणाही तेथेच जपल्या जातात.

खरी अडचण स्थानिक वापराची आहे. युनिक्सच्या जुन्या 'एमबॉक्स' पद्धतीत एका फोल्डरचे सारे ई-मेल एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिले जातात. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी त्यात लिहू लागले, तर ती बिघडते. ते टाळण्यासाठी फाइलला 'लॉक' लावतात. पण लॉकच्याही अनेक पद्धती आहेत. 'आयमॅप' सर्व्हरने एक पद्धत वापरली आणि 'मट'ने दुसरी, तर लॉक असून नसल्यासारखेच! अनेक महिन्यांचा पत्रव्यवहार त्यात हातचा जाऊ शकतो.

डॅनियल बर्नस्टाइन यांनी 'क्यूमेल'साठी तयार केलेल्या 'मेलडिर' पद्धतीत प्रत्येक ई-मेलची स्वतंत्र फाइल असते. ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहिली गेल्यावरच 'न्यू' फोल्डरमध्ये हलविली जाते. वाचल्याची खूण फाइलच्या नावातच असते. त्यामुळे लॉकची गरज फारशी उरत नाही. मात्र लाखो छोट्या फाइली साचल्या, की बॅकअप रेंगाळतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठाचा 'सायरस' हजारो खात्यांसाठी उत्तम. पण त्याच्या फाइलींना बाहेरच्या प्रोग्रॅमने हात लावणे अपेक्षितच नाही. म्हणजे येथे तो बाद. 'कुरियर' मेलडिरवर व्यवस्थित चालतो. आमच्या मते, पहिली पसंती 'डव्हकॉट'ला द्यावी. फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी २००२मध्ये आणलेला हा सर्व्हर दोन्ही पद्धती जाणतो, स्वतःची सूची वेगळी ठेवतो आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने मेलबॉक्समध्ये बदल केल्यास ती सूची आपणहून सुधारून घेतो. त्याचीच 'एमडीबॉक्स' पद्धत मात्र वेगाच्या मोहाने निवडू नये. तेथे स्थानिक प्रोग्रॅमला थेट प्रवेश नाही.

बाहेरून येणारे ई-मेल स्वीकारण्याचे काम 'पोस्टफिक्स' किंवा 'एक्झिम'कडे द्यावे लागते. पोस्टफिक्समध्ये मेलबॉक्सचे नाव 'मेलडिर/' असे तिरप्या रेघेसह लिहावे. रेघ राहिली, की ई-मेल पुन्हा एकाच फाइलमध्ये जमू लागतात. 'डव्हकॉट'च्या २०२५मधील २.४ आवृत्तीत सेटिंगची रचना बदलली आहे. जुनी सेटिंग-फाइल तशीच वापरल्यास सर्व्हर सुरूच होत नाही.