कणगीतला कडुनिंब आणि म्युनिकमधला खटला

१/ नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा आज औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखले जाते. परंतु कन्हानच्या या खोऱ्यात विजेच्या कितीतरी आधीपासून ज्वारी, गहू आणि तूर पिकत आली आहे. पीक घरात आले की शेतकऱ्याची दुसरी लढाई सुरू होई: ते वर्षभर किडीपासून राखण्याची. हा धागा त्या लढाईचा, आणि तिच्या पुराव्याचा.

२/ धान्य ठेवायला शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी असे, नाहीतर जमिनीत खणलेले पेव. सुगीनंतर धान्याला कडक ऊन दिले जाई. मग थराथरांत कडुनिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाचे तुकडे किंवा बिब्बे. बियाण्याला राख, तर तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. महाराष्ट्रातील अनेक घरांत हे आजही चालते.

३/ या उपायांमागे नेमके निरीक्षण आहे. कडधान्यावरील भुंगेरा अंडी दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवतो. तेलाचा पातळ थर त्या अंड्यांचा श्वास कोंडतो. सोंडकिडा मात्र दाण्याला भोक पाडून आत अंडे घालतो आणि भोक बुजवून टाकतो. आतल्या अळीला गाठणे अवघड. म्हणून किडा दाण्यापाशी फिरकूच नये यासाठी कडुनिंब आणि वेखंड. राख किड्याच्या अंगावरचे मेणाचे आवरण खरवडते, आणि तो शुष्क होऊन मरतो.

४/ खापरखेड्याच्या नावातले 'खापर' धान्याच्या एका कुप्रसिद्ध शत्रूच्या नावातही आहे. 'खापरा भुंगेरा' जगभर याच भारतीय नावाने ओळखला जातो. १८९८ मध्ये डच कीटकशास्त्रज्ञ एव्हर्ट्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याची अळी भिंतीच्या फटीत दडून अन्नाविना दीर्घकाळ तग धरते. कणगी दरवर्षी नव्याने लिंपण्याने याच फटी बुजत.

५/ प्रयोगशाळा कडुनिंबाकडे उशिरा वळली. १९४२ मध्ये सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी निंबोळीच्या तेलातून 'निंबिन' वेगळे केले. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत असे दिसले की, निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत.

६/ आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९६५. जोतवानी आणि सरकार या संशोधकांनी १०० भाग गव्हात निंबोळीच्या गराची १ ते २ भाग भुकटी मिसळली. सोंडकिडा आणि खापरा भुंगेरा यांसारख्या किडींपासून गहू कित्येक महिने सुरक्षित राहिला. १९६८ मध्ये इंग्लंडमधील कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी 'अझाडिरॅक्टिन' वेगळे केले. हे द्रव्य किडीची भूक मारते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते.

७/ संशोधनापाठोपाठ मालकीचा प्रश्न आला. १९९४ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाने अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना कडुनिंबाच्या तेलाबाबत एक पेटंट दिले. ते धान्यातल्या किडीसाठी नव्हते, पिकांवरील बुरशीच्या नियंत्रणासाठी होते. तरी तत्त्वाचा प्रश्न तोच: पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेल्या गुणाला 'नवा शोध' म्हणता येईल काय?

८/ वंदना शिवा, माग्दा आल्वूट आणि सेंद्रिय शेतीचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांनी पेटंटला हरकत घेतली. मे २००० मध्ये म्युनिकला सुनावणी झाली. तेथे महत्त्वाची ठरली एका मराठी उद्योजकाची साक्ष. पुण्याच्या अजय बायोटेकचे अभय फडके यांनी १९८५ आणि १९८६ मध्ये पुणे व सांगली जिल्ह्यांत कडुनिंबाच्या अर्काच्या शेतावर चाचण्या घेतल्या होत्या. पेटंट रद्द झाले. मार्च २००५ मध्ये त्याविरुद्धचे अपीलही फेटाळले गेले.

९/ परंपरा तर सर्वांनाच ठाऊक होती. पण पेटंटच्या कायद्यापुढे तारीख, ठिकाण आणि साक्षीदार लागतात. कणगीत पाला घालणाऱ्या आजीने यांपैकी काहीच लिहून ठेवले नव्हते. तिच्यासाठी ते ज्ञान नव्हतेच, ते रोजचे काम होते.

१०/ इतिहासाची साधने केवळ बखरीत आणि ताम्रपटात नसतात. तुमच्या घरी डाळीला कोणते तेल लावत, बियाण्यात कोणता पाला घालत, कोणत्या महिन्यात आणि किती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. गावाच्या नावासह, तारीख घालून लिहून ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला तोच अस्सल कागद ठरेल.