गाणे पडद्यावर ऐकताना : संगीतप्रेमींनी पाहावेत असे काही चित्रपट आणि माहितीपट

भारतीय चित्रपटांत गाण्यांची रेलचेल असली, तरी संगीत हाच ज्यांचा विषय आहे असे चित्रपट त्या मानाने थोडेच आहेत. मुख्य अडचण वेळेची आहे. ख्यालगायक एक राग मांडायला सहज तासभर घेतो. चित्रपटातील गीत मात्र तीन-चार मिनिटांत आटोपावे लागते. कोणत्या दिग्दर्शकाने संगीताला त्याचा वेळ दिला आणि कोणी ते केवळ सजावटीपुरते वापरले, हे पाहिले की गायक-वादकांनी आणि रसिकांनी काय आवर्जून पाहावे याचा निवाडा बराचसा सोपा होतो.

आरंभ ‘बैजू बावरा’पासून (१९५२) करावा लागतो. विजय भट्ट यांच्या या चित्रपटात संगीतकार नौशाद यांनी तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ यांचा, तर बैजूसाठी पं. द. वि. पलुसकर यांचा आवाज घेतला. दरबारातील त्या सामन्यातला चमत्कार आज भोळा वाटेल. परंतु पलुसकर १९५५ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तले, हे लक्षात घेता त्या काही मिनिटांचे मोल वेगळे ठरते. ‘बसंत बहार’मध्ये (१९५६) मन्ना डे यांच्या आवाजातील नायक भीमसेन जोशी यांच्या आवाजावर मात करतो. कथेची ही मागणी मान्य करूनच ते गीत ऐकावे लागते.

सत्यजित राय यांच्या ‘जलसाघर’ने (१९५८) ही घाई टाळली. ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या कथेतील जमीनदार विश्वंभर राय कंगाल होत जातो, तरी उरलेला पैसा मैफलीवर उधळतो. उस्ताद विलायत खाँ यांचे संगीत असलेल्या या चित्रपटात बेगम अख्तर स्वतः पडद्यावर गातात आणि रोशन कुमारी यांचे कथक अखेरच्या जलशात दिसते. या मैफली कथेला थांबवून येत नाहीत. कथाच मैफलींच्या आधाराने पुढे सरकते. रसिकतेमागचा अहंकार इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा भारतीय चित्रपट क्वचितच सापडेल.

माहितीपटांचे दालन अधिक समृद्ध आहे आणि त्याचे बरेचसे श्रेय फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेकडे जाते. एस. एन. एस. शास्त्री यांचा उस्ताद अमीर खाँ यांच्यावरील लघुपट आणि गुलजार यांचा पं. भीमसेन जोशी यांच्यावरील माहितीपट याच संस्थेचे. मात्र या सर्वांत मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ (१९८२) वेगळा उठून दिसतो. रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर आणि त्यांचे बंधू, गायक उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर हे त्याचे विषय. कौल स्वतः झिया मोहिउद्दीन यांच्याकडे ध्रुपद शिकले होते. त्याचा परिणाम छायाचित्रणात दिसतो. आलापात स्वर जसा सावकाश उलगडतो, तसाच कॅमेरा जुन्या वास्तूंच्या भिंतींवरून आणि कमानींमधून फिरतो. निवेदनाचा भार फारसा नाही. गुरू शिष्याला शिकवत असतानाची दृश्ये तर विद्यार्थ्यांनी पुन्हा पुन्हा पाहावीत अशी आहेत, कारण स्वराची नेमकी जागा पुस्तकातून नव्हे तर समोर बसून कशी दिली जाते, ते त्यांत डोळ्यांना दिसते. झिया मोहिउद्दीन यांनी पनवेलजवळच्या पळस्पे येथे गुरुकुल उभारले होते. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. कौल यांचाच ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) हा बनारसच्या ठुमरीगायिका सिद्धेश्वरीदेवी यांच्यावरील माहितीपट अधिक दुर्बोध आहे. चरित्र समजून घ्यायला बसलेला प्रेक्षक त्यात गोंधळेल. ठुमरीत एकच शब्द जसा वेगवेगळ्या भावांनी वळवला जातो, तसे हे चित्र आहे असे मानले तर ते उमगू लागते.

राय यांचा ‘बाला’ (१९७६) भरतनाट्यमच्या टी. बालसरस्वती यांच्यावर आहे. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा आणि तमिळनाडू सरकारचा हा संयुक्त प्रकल्प. त्या वेळी बालसरस्वती पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. समुद्रकिनारी, वाऱ्यात, त्यांनी केलेला अभिनय हे त्यातील सर्वांत प्रसिद्ध दृश्य.

कुमार गंधर्व यांच्यासंबंधी दोन माहितीपट एकापाठोपाठ पाहण्यासारखे आहेत. जब्बार पटेल यांचा ‘हंस अकेला’ त्यांच्या कलाजीवनाचा मागोवा घेतो. शबनम विरमानी यांचा ‘कोई सुनता है’ (२००८) मात्र कुमारांच्या कबीरापासून निघून माळव्याच्या लोकगायकांपर्यंत जातो. क्षयाने आजारी असलेले कुमार १९४८ मध्ये देवासला राहायला आले आणि तेथील लोकगीतांनी त्यांच्या गाण्याला नवी दिशा दिली, हा इतिहास मराठी वाचकांना परिचित आहे. ज्या परंपरेतून तो कबीर त्यांच्या कानी पडला, तिचे आजचे वारसदार येथे भेटतात.

कोणाचे गाणे जपले गेले आणि कोणाचे पुसले गेले, हा प्रश्न सबा दिवाण यांच्या ‘द अदर साँग’मध्ये (२००९) थेट उभा राहतो. बनारसच्या रसूलनबाई यांनी १९३५ मध्ये एका प्रसिद्ध ठुमरीचे असे ध्वनिमुद्रण केले होते, ज्यात रूढ पाठातील ‘काळीज’ या अर्थाच्या शब्दाऐवजी स्त्रीदेहाचा उघड उल्लेख होता. तो पाठ पुढे विस्मरणात गेला. दिग्दर्शिका त्या एका शब्दाचा शोध घेत वाराणसी, लखनौ आणि मुझफ्फरपूरला पोहोचतात आणि तवायफांची कला ‘सभ्य’ करण्याच्या प्रयत्नात त्या कलावतींनाच कसे बाजूला सारले गेले, हे प्रेक्षकांसमोर येते. संगीताच्या इतिहासाचे शोधकार्य कसे करावे याचा हा उत्तम वस्तुपाठ आहे.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ला (२०११) संगीतपट म्हणण्याचा प्रघात नाही, पण तो तसा पाहता येतो. जुलै १९९७ मध्ये मुंबईच्या घाटकोपरमधील रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला. त्यानंतर काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. घोगरे पटवर्धनांच्या आधीच्या माहितीपटातही गायले होते. पुढील १४ वर्षे चित्रीकरण करत पटवर्धनांनी आंबेडकरी जलशांची आणि शाहिरांची जी नोंद केली, ती अन्यत्र एवढ्या विस्ताराने सापडत नाही. नागालँडच्या फेक येथील भातशेतीत राबताना सामूहिक गाणी गाणाऱ्या शेतकऱ्यांवरील ‘अप डाऊन अँड साइडवेज’ (२०१७) हाही असाच चित्रपट. त्यात गाणे आणि श्रम वेगळे करता येत नाहीत.

कथापटांत अलीकडच्या काळातील सर्वांत महत्त्वाचे नाव चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’चे (२०२०). व्हेनिस महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवणाऱ्या या मराठी चित्रपटात नायकाची भूमिका गायक आदित्य मोडक यांनी, तर गुरूंची गायक अरुण द्रविड यांनी केली आहे. संगीतावरील बहुतेक चित्रपट अखेरीस विजयी मैफल मांडतात. येथे शरद नेरुळकर हा निष्ठावान शिष्य वर्षानुवर्षे रियाझ करतो, दुर्मिळ ध्वनिफितींतील व्याख्याने ऐकतो आणि तरी आपल्याला जे साधायचे आहे ते आपल्या गळ्यात नाही, हे त्याला हळूहळू कळत जाते. शिकणाऱ्यांना हा चित्रपट अस्वस्थ करतो. कदाचित म्हणूनच तो त्यांनी टाळू नये. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या १९६७ च्या नाटकावर आधारलेला सुबोध भावे यांचा ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) याच्या अगदी उलट टोकाचा, भव्य आणि नाट्यमय आहे. नाटकात खाँसाहेब साकारणाऱ्या वसंतराव देशपांडे यांच्यावरील ‘मी वसंतराव’मध्ये (२०२२) त्यांची भूमिका नातू राहुल देशपांडे यांनी गाऊन केली आहे. दक्षिणेत के. विश्वनाथ यांचा ‘शंकराभरणम्’ (१९८०) आजही अग्रक्रमाने घेतला जातो. राजीव मेनन यांच्या ‘सर्वम् ताळ मयम्’मध्ये (२०१९) मृदंग बनवणाऱ्याचा मुलगा तो वाजवायला शिकू पाहतो आणि वाद्य मढवणारा हात मंचावर का दिसत नाही, हा जातीचा प्रश्न पुढे येतो.

परदेशी निर्मितीपैकी दोन चित्रपटांचा उल्लेख पुरेसा आहे. हॉवर्ड वर्थ यांचा ‘राग’ (१९७१) पं. रविशंकर यांना मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे घेऊन जातो. डी. ए. पेनबेकर यांच्या ‘माँटेरी पॉप’चा (१९६८) शेवट रविशंकर आणि उस्ताद अल्लारखा यांच्या वादनाने होतो. त्यात प्रारंभी बराच वेळ वादक दिसतच नाहीत, केवळ ऐकणारे चेहरे दिसतात.

‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला होता, तर विरमानी यांचे कबीरविषयक माहितीपट महाजालावर पाहता येतात. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. त्यामुळे ‘ध्रुपद’सारख्या माहितीपटांच्या जपणुकीची जबाबदारी आता या महामंडळाकडे आहे. हे माहितीपट पाहताना फोनच्या ध्वनिक्षेपकाऐवजी चांगले हेडफोन वापरणे श्रेयस्कर, कारण रुद्रवीणेचा मंद्र स्वर फोनवर जवळजवळ ऐकूच येत नाही.