साखळीने मोजलेल्या वाटा

जुन्या गावनकाशावर पायवाट तुटक रेघेने काढलेली असते आणि महसूल खाते तिची रुंदी सव्वाआठ फूट धरते. सव्वाआठच का? डोक्यावर भारा घेतलेल्या बाईलाही चार फूट पुरतात. हा आकडा चालणाऱ्यावरून ठरलाच नाही, तो मोजणीच्या साखळीतून आला. मुंबई इलाख्यात जमीन मोजली ती 33 फुटी साखळीने. तिचे सोळा भाग पाडलेले, एक भाग म्हणजे एक आणा. चार आण्यांची झाली पायवाट. गाडीमार्ग आठ आण्यांपासून, म्हणजे साडेसोळा फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत. शिवेवरचा रस्ता त्याहून मोठा. गुंठाही याच साखळीचा: एक साखळी लांब, एक साखळी रुंद.

ही पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात 1835 च्या सुमारास बसवली. त्याआधी प्रिंगल या दुसऱ्या अधिकाऱ्याने केलेली पाहणी फसली होती आणि तिच्या जाचक आकारणीने गावेच्या गावे ओस पडू लागली होती. नव्या पाहणीला हवा होता सारा: कोणत्या शेतावर किती बसवायचा, हा मूळ प्रश्न. वाटेखाली गेलेल्या जमिनीत पीक येत नाही, मग तिच्यावर आकार कसा बसवणार? म्हणून ती मोजून वजा केली. वाट नकाशावर आली ती अशी वजाबाकीतून. वाटसरूची काळजी सरकारला होती, असा पुरावा या कागदांत तरी शोधून सापडणार नाही.

त्यामुळे वाटांच्याही जाती पडल्या. काही रस्ते भूमापन क्रमांकांच्या बाहेर, स्वतंत्र पट्टी म्हणून राहिले आणि ते सरकारचे. काही एखाद्या शेताच्या पोटातून गेले. त्यांच्याखालचे क्षेत्र त्या शेताच्या ‘पोटखराब’ रकान्यात लिहिले गेले. आजच्या नियमांत पोटखराबाचेही दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडक, नाला अशी पिकाला निकामी जमीन. ‘ब’ म्हणजे रस्ता, पायवाट, पाण्याची जागा अशा सार्वजनिक वापरासाठी आकारणीतून सोडलेली. ‘ब’ वर्गाची जमीन सातबाऱ्यावर खातेदाराच्याच नावे दिसते, पण ती नांगरायची त्याला मुभा नाही. तिसरी जात शेतावर जायच्या वाटांची. त्या बहुधा नकाशावर आल्याच नाहीत, कारण त्यांच्यासाठी कोणाचा आकार कमी करायचा नव्हता. गावात रोज सर्वांत जास्त वापर नेमका त्यांचाच.

कुरुंदवाडला हा गुंता आणखी वाढतो. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळचे हे गाव पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होती. 1854 मध्ये संस्थानाची वाटणी होऊन थोरली पाती आणि धाकटी पाती झाली. थोरल्या पातीचा मुलूख दोनशे चौरस मैलही नव्हता आणि जो होता तो सलग नव्हता. मधेच इंग्रजी अंमलाचे गाव, मधेच कोल्हापूरचे, सांगलीचे किंवा मिरजेचे. चार कोस जाणारी गाडी वाटेत तीन-चार सरकारांच्या हद्दी ओलांडायची. बैलांना त्याचे काही नव्हते, दप्तराला मात्र होते, कारण प्रत्येक सरकारचा कागद आपल्या शिवेपाशी संपायचा.

दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर कुरुंदवाड 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. आज गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात आहे, तर संस्थानाची काही जुनी गावे कर्नाटकात. इकडची जुनी वाट शोधणाऱ्याला त्या काळी गाव कोणाच्या अमलात होते, हे आधी ठरवावे लागते. नकाशा त्यानंतर.

पुढचा मोठा फेरबदल एकत्रीकरणाचा. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्याने ही योजना गावोगाव राबवली गेली. विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले, भूमापन क्रमांकांच्या जागी गट क्रमांक आले, नकाशे नव्याने निघाले. आता वाद उठला की एका हातात गटाचा नकाशा असतो, दुसऱ्या हातात जुन्या क्रमांकाच्या मोजणीचे टिपण, आणि दोन्हींत वाट एकाच जागी असेल याची खात्री नसते. सडक रुंद करायला जमीन संपादन झाली असेल तर कमी-जास्त पत्रक निघते. कोणत्या गटातून किती क्षेत्र गेले, हे त्यात असते. वाटांचा इतिहास वाचायचा तर सातबाऱ्यापेक्षा हा रूक्ष कागद अधिक बोलका आहे, पण तो सहसा कोणी मागत नाही.

इंग्लंडमध्ये 1949 च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला सार्वजनिक वाटांचा एक अधिकृत नकाशा ठेवायला लावले. त्यावर वाट दाखवली असेल तर ती आहे, हे कोर्टालाही मान्य करावे लागते. महाराष्ट्रात असा एक नकाशा नाही. गावनकाशा, टिपण, पोटखराबाचा रकाना, कमी-जास्त पत्रक, यांत पुरावा वाटलेला आहे. 1966 च्या महसूल अधिनियमाच्या कलम 165 मध्ये वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे: गावातल्या वहिवाटीच्या वाटांची आणि पाण्याच्या हक्कांची रूढी कलेक्टरने लिहून ठेवावी. नकाशाबाहेर राहिलेल्या वाटांसाठी यापेक्षा योग्य जागा नव्हती.

नदीकाठी तर रेघ टिकणेच कठीण. कृष्णेचे पाणी 2005, 2019 आणि 2021 साली शिरोळ तालुक्यात शिरले. पूर ओसरला की बांध आणि हद्दीच्या खुणा गाळाखाली जातात. काठ कुठे कापला जातो, कुठे मळीची नवी जमीन पडते. मग पुन्हा मोजणी मागवावी लागते. आणि जमीन उसाची असल्यामुळे बांधावरची वीतभर जागाही कोणाला सोडवत नाही. दरवर्षी नांगराचे एक तास पुढे सरकते, आणि गळितात ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला की पाणंद किती उरली ते कळते.

अशा वेळी लोक तहसीलदाराकडे जातात आणि पुष्कळदा चुकीच्या कलमाखाली अर्ज करतात. असलेली वाट अडवली असेल तर 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा, कलम 5. अडथळ्यापासून सहा महिन्यांत दावा करायचा. वाटच नसेल तर 1966 च्या महसूल अधिनियमाचे कलम 143. त्याखाली मिळणारी वाट बांधावरून जाते.

मे 2025 च्या शासन निर्णयाने शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी, असे ठरवले. साखळीच्या हिशेबाने आठ आण्यांचा गाडीमार्ग पाच मीटर भरतो. म्हणजे बैलगाडीच्या काळातली वाट कागदावर तरी नव्या किमान रुंदीपेक्षा मोठी होती. शिवाय इतर हक्कांतली नोंद म्हणजे शब्द. वाट कोणत्या कडेने वळते आणि कुठे संपते हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार बांधावर यावा लागतो.