मदन महालावरील सायंकाळ

जबलपूरच्या मदन महालास ‘महाल’ म्हणतात खरे. परंतु सायंकाळी मोठ्या हौसेने टेकडी चढून गेलेल्या मंडळींचा प्रथमदर्शनी अपेक्षाभंगच होतो. तेथे दरबार नाही, रंगमहाल नाही. एका प्रचंड ग्रॅनाइट शिळेच्या माथ्यावर उभारलेली लहानशी वास्तू, जवळ पागा आणि पाण्याचे टाके, एवढाच काय तो पसारा. परंपरेने तो गोंड राजा मदनसिंहाचा मानतात.

गच्चीवर उभे राहिले, की या वास्तूचे प्रयोजन ध्यानी येते. खाली गढा ही गोंडांची जुनी राजधानी, तिच्या परिसरातील तलाव आणि पलीकडे दूरवर पसरलेला मुलूख. वेधशाळा ग्रहताऱ्यांचा वेध घेते, तसा ही चौकी येणाऱ्या-जाणाऱ्या वाटांचा वेध घेई.

पण संकट दिसले, तरी ते टळतेच असे नाही. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला, तेव्हा राणी दुर्गावतीने नर्राईच्या दरीत मोगलांची पहिली चढाई परतवली. त्याच सायंकाळी तिने रात्रीच छापा घालण्याचा आग्रह धरला. उजाडताच आसफखान स्वतः येऊन खिंड अडवील, हे तिने ओळखले होते. सरदारांनी मानले नाही, असे अबुल फझल लिहितो. सकाळी तोफा आल्या. बाणांनी घायाळ झालेल्या राणीने कैदेपेक्षा कट्यारीचे मरण पत्करले.

राज्याजवळ पहारा होता, राणीजवळ दूरदृष्टी होती. उणीव पडली ती एका रात्रीच्या एकमताची.