एका ॲम्प्लिफायरवर अनेक आवाज : ईट परिसरातील ध्वनिजोडणीचा पूर्वेतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट आणि त्याच्या आसपासच्या गावांत आज एखाद्या घरातील संगणक आणि गेम कन्सोल ही दोन्ही यंत्रे स्पीकरच्या एकाच संचाला जोडली जातात, तेव्हा ती जोडणी अगदी अलीकडची आणि शहरातून आलेली गोष्ट आहे असे सहज वाटते; परंतु दोन वा अधिक आवाजांना एकाच कर्ण्यातून वाट करून देण्याचा प्रश्न संगणकाहून कितीतरी जुना आहे, आणि मराठवाड्याच्या ग्रामीण भागात तो प्रथम सोडवला गेला तो लग्नाच्या मांडवात, हरिनाम सप्ताहात आणि निवडणुकीच्या सभेत. या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात. पहिले उत्तर निवडीचे, म्हणजे एका वेळी एकच यंत्र ऐकू येईल असे बटण बसवण्याचे. दुसरे मिश्रणाचे, म्हणजे सर्व आवाज एकत्र येऊनही प्रत्येकाचा जोर स्वतंत्रपणे कमी-जास्त करता येईल अशी सोय करण्याचे. या जोडणीचा सारा इतिहास या दोन उत्तरांभोवती फिरतो.

निवडीचे उत्तर रेडिओने दिले. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या घरगुती रेडिओच्या पाठीमागे 'पिकअप' नावाची जागा असे; तेथे ग्रामोफोनच्या सुईची तार जोडून पुढचे बटण फिरवले की रेडिओचे केंद्र बंद होऊन तबकडी त्याच स्पीकरमधून वाजू लागे. मात्र अशी चैन निजामाच्या संस्थानातील खेड्यांत फारच थोड्यांना परवडणारी होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थानी राजवट संपली, १ एप्रिल १९५० रोजी हैदराबादचे नभोवाणी केंद्र आकाशवाणीकडे आले, तरीही मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला. त्यामुळे १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्यातील दीडशे गावांत शेतकऱ्यांच्या नभोवाणी श्रोतृमंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, तो शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यापर्यंत पोहोचला, पण भूम तालुका त्याबाहेर राहिला. कारण मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी.

मिश्रणाचे उत्तर सार्वजनिक ध्वनिक्षेपकाने दिले, आणि त्याचा वंश राजकीय सभांपर्यंत मागे जातो. मुंबईच्या मोटवाने घराण्याच्या 'शिकागो रेडिओ' या संस्थेने काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवले, आणि १९४२ च्या आंदोलनात भूमिगत काँग्रेस रेडिओला यंत्रसामग्री दिल्याच्या आरोपावरून नानिक मोटवाने यांना अटकही झाली. दिल्लीत १९४० मध्ये स्थापन झालेल्या 'अहुजा' या कंपनीचे ॲम्प्लिफायर पुढे देशभरातील मांडव-लाउडस्पीकरवाल्यांच्या दुकानांत दिसू लागले. अशा ॲम्प्लिफायरची ठेवण जवळून पाहण्यासारखी आहे. पुढच्या पट्टीवर 'माइक १', 'माइक २' आणि 'ऑक्स' अशी वेगवेगळी बटणे एका ओळीत असतात, त्यांच्या शेजारी खर्ज आणि तार सूर कमी-जास्त करणारी बटणे असतात. मागच्या बाजूला कर्ण्याच्या तारा आवळण्यासाठी ४, ८ व १६ ओहम आणि ७० व १०० व्होल्ट असे आकडे लिहिलेले स्क्रू असतात, आणि त्यांच्याजवळच बारा व्होल्टच्या बॅटरीची जागा असते. विजेचा भरवसा नसलेल्या गावांत ही शेवटची जागा फार मोलाची होती, कारण ट्रॅक्टरची वा जीपची बॅटरी जोडून रात्रभर कीर्तन चालवता येई.

पुढच्या पट्टीवरील स्वतंत्र बटणे ही केवळ सोय नव्हे, ती विद्युत्शास्त्राची गरज आहे. माइकमधून येणारा विद्युत्दाब काही मिलिव्होल्टच असतो, तर स्फटिकाच्या पिकअपमधून त्याच्या शंभरपट दाब मिळू शकतो. दोघांना एकाच मापाने वाढवले तर तबकडीपुढे बोलणाऱ्याचा आवाज बुडून जाईल. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. दोन यंत्रांच्या तारा पिळून थेट एकत्र केल्या तर एकाचा संकेत स्पीकरकडे जाण्याऐवजी दुसऱ्या यंत्राच्या निर्गमनातच शिरतो आणि आवाज क्षीण वा फाटका होतो. दोन विहिरींवरच्या मोटारी एकाच पाइपलाइनला जोडल्या आणि मध्ये झडप बसवली नाही, तर एकीचे पाणी दुसरीच्या विहिरीत उतरते, तसाच हा प्रकार आहे. विजेच्या बाबतीत झडपेचे काम रोधक, म्हणजे प्रवाहाला अडवणारा छोटासा घटक, बऱ्याच अंशी करतो: प्रत्येक तारेत साधारण एक ते दहा किलोओहमचा रोधक घातला की दोन्ही आवाज एकमेकांना न छेडता पुढे जातात. टेपरेकॉर्डरवर सनईची कॅसेट चालू ठेवून त्याच वेळी माइकवरून आहेर पुकारण्याची सोय करणाऱ्या कारागिरांनी हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, तर सोल्डरिंग आयर्न हातात धरून मिळवले. मराठवाड्याच्या तंत्रेतिहासात त्यांची नोंद अद्याप जवळजवळ नाही, आणि ही उणीव खरोखर गंभीर आहे.

घरातील जोडणीकडे यायला नव्वदचे दशक उजाडावे लागले. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या 'फॅमिकॉम' या गेमयंत्राच्या नकला तेव्हा भारतीय बाजारात 'टीव्ही गेम' म्हणून विकल्या जात. त्यांची तार टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडली जाई, त्यामुळे चित्र आणि ध्वनी दोन्ही टीव्हीतच अडकून राहत. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन पिनांची तार आली, तेव्हा पिवळीतून चित्र आणि उरलेल्या दोघींतून डावा-उजवा ध्वनी वेगळा निघू लागला, आणि तो बाहेरच्या स्पीकरकडे वळवणे शक्य झाले. संगणकाच्या बाजूला सिंगापूरच्या 'क्रिएटिव्ह' कंपनीने १९८९ मध्ये 'साउंड ब्लास्टर' हे ध्वनिकार्ड आणले, आणि त्यानंतर दशकभरात स्पीकरसाठी साडेतीन मिलिमीटरची हिरवी जागा रूढ झाली. मात्र संगणकासाठी विकल्या गेलेल्या पुष्कळ संचांना एकाच यंत्राची तार जोडण्याची जागा होती. मांडवातल्या ॲम्प्लिफायरला जे सहज जमत होते ते घरातल्या संचाला जमेना, आणि म्हणून तोच रोधकांचा जुना तोडगा किंवा छोटा मिक्सर पुन्हा वापरात आला. दोन यंत्रे वेगवेगळ्या प्लगांवर असून अर्थिंग सदोष असले की स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची सततची घरघर ऐकू येते. तिच्यावरचा उपायही ध्वनिक्षेपकवाल्यांच्या परिचयाचाच आहे, तो म्हणजे दोन्ही बाजूंचा तारेचा थेट संबंध तोडून ध्वनी केवळ चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे नेणारा लहान ट्रान्सफॉर्मर.

एचडीएमआय आणि प्रकाशतंतूच्या जोडण्यांनी मात्र हा वारसा एका ठिकाणी अडवला आहे. तेथे ध्वनी अंकांच्या रूपात धावतो, प्रत्येक यंत्र आपापल्या घड्याळाच्या ठोक्यावर ते अंक सोडते, आणि असे दोन प्रवाह रोधक घालून तारेवर मिसळता येत नाहीत. त्यामुळे बाजारात मिळणारी बहुतेक स्वस्त जोडयंत्रे पुन्हा निवडीकडेच वळली आहेत. ज्याला संगणकावरचे गाणे आणि खेळातील आवाज एकाच वेळी हवे असतात, त्याला अंकांचे आधी विद्युत्लहरीत रूपांतर करून मगच ते मिक्सरवर किंवा स्वतंत्र बटणांच्या ॲम्प्लिफायरवर घ्यावे लागतात.