२१०० या आकड्याची कुळकथा

नाकाबंदीवर पोलीस यंत्र पुढे करतात, चालक फुंकतो आणि पडद्यावर आकडा उमटतो. आकडा रक्तातल्या दारूचा असतो, पण यंत्राने रक्ताचा थेंबही पाहिलेला नसतो. श्वासात सापडलेल्या दारूला साधारण २१०० ने गुणून तो काढलेला असतो. आरोपीचे वकील बोट ठेवतात ते बहुधा या गुणाकारावर, नाहीतर यंत्राच्या निगराणीवर.

याचे मूळ १९२७ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये आहे. एमिल बोगेन या डॉक्टरांनी फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये श्वास भरून घेतला आणि तो पोटॅशियम डायक्रोमेट व सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणातून सोडला. दारू असली की पिवळे द्रावण हिरवट होई. दोन लिटर श्वासातली दारू एक घनसेंटिमीटर लघवीतल्या दारूपेक्षा किंचित जास्त भरते, असे त्यांना आढळले. तोंडात रेंगाळलेली दारू हिशेब बिघडवते आणि ती जायला सुमारे पंधरा मिनिटे लागतात, हेही त्यांनीच नोंदवले. चाचणीआधी आरोपीला तेवढा वेळ नजरेखाली बसवले होते का, हा उलटतपासणीतला ठरलेला प्रश्न तिथूनच आला. म्हणजे पद्धतीची खोट दाखवणारा पहिला माणूस ती शोधणाराच होता.

पुढे इंडियाना विद्यापीठाच्या रोला हार्गर यांनी फुग्यात फुंकायचे ‘ड्रंकोमीटर’ केले. १९५४ मध्ये इंडियाना पोलिसांतले रॉबर्ट बोर्केन्स्टाइन यांनी ‘ब्रेथलायझर’ बनवला. त्यात द्रावणाच्या रंगातला फरक फोटोसेल मोजत, त्यामुळे निकाल शिपायाच्या डोळ्यांवर अवलंबून राहिला नाही.

२१०० हे प्रमाण मात्र सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. बाहेर पडणारा श्वास सुमारे ३४ अंश सेल्सिअस धरलेला असतो. ताप असला तर आकडा फुगतो. माणसागणिकही प्रमाण बदलते. सरासरी २३०० च्या आसपास असल्याने बहुतेकांचा आकडा थोडा कमीच दिसतो. पण ज्याचे प्रमाण २१०० पेक्षा कमी, त्याला न प्यायलेल्या दारूची शिक्षा होऊ शकते. मला हा दोष क्षुल्लक वाटत नाही.

ब्रिटनने यातून वाट काढली. १९६७ च्या कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा होती. १९८१ च्या कायद्याने श्वासाचीच वेगळी मर्यादा ठरवली: १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेतही अनेक राज्ये १०० मिलिलिटर रक्ताऐवजी त्याच्या २१०० पट, म्हणजे २१० लिटर श्वासाचे माप धरतात. गुणाकारच कायद्यात शिरला, त्यामुळे त्याच्यावरचा वाद तिथे बराच थंडावला.

मग प्रश्न यंत्राकडे वळले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अल्कोटेस्ट यंत्राच्या सॉफ्टवेअरची छाननी झाल्यावरच त्याचे निकाल अटींसह मान्य केले. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने वीस हजारांहून अधिक चाचण्या पुराव्यातून बाद ठरवल्या. कारण काय, तर यंत्रे प्रमाणित करताना वापरायच्या द्रावणाचे तापमान प्रमाणित थर्मामीटरने ताडून पाहण्याची पायरी गाळली होती.

आपल्याकडे १९७१ मध्ये महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की तोंडाला येणारा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून, रक्त वा लघवी तपासल्याशिवाय, दारू प्यायल्याचे सिद्ध होत नाही. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती श्वासयंत्राने मोजता येते. श्वासावरून रक्ताचा आकडा कोणत्या प्रमाणाने काढायचा, हे त्या कलमात लिहिलेले नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. ती न्यायाची व्हावी म्हणून यंत्राच्या शेवटच्या तपासणीची तारीख आणि त्यात वापरलेले प्रमाण प्रत्येक आरोपपत्राला जोडणे सक्तीचे करावे.