ख्रिस्तस्वभाववाद

येशू ख्रिस्त ईश्वर की माणूस, आणि दोन्ही असल्यास कसा, यावर चौथ्या-पाचव्या शतकांत ख्रिस्ती धर्मसभेत झालेले वाद. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याच्या मते पुत्र पित्याने निर्मिलेला, म्हणून पित्याहून कनिष्ठ. निकायाच्या परिषदेने (325) हे मत त्याज्य ठरवले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे जाहीर केले. मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यास आक्षेप घेणारा नेस्टोरियस इफिसस येथे (431) पदच्युत झाला. तो ख्रिस्तात दोन व्यक्ती मानत होता हा आरोप कितपत खरा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. काल्सेडॉनच्या परिषदेने (451) व्यक्ती एक, स्वभाव दोन, त्यांची सरमिसळ नाही आणि फारकतही नाही, असे सूत्र ठरवले. इजिप्त, सिरिया व आर्मेनियातील अनेक मंडळ्यांनी ते नाकारले. केरळातील मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळी याच परंपरेतली.

मराठीतील पडसाद : मराठीत हा प्रश्न मुख्यतः शब्दांचा झाला. ‘अवतार’ म्हटले की दशावतार डोळ्यांसमोर येतात. कार्य उरकले की अवतार संपतो, पुढे दुसरा होतो. काल्सेडॉनचा ख्रिस्त मात्र एकदाच जन्मतो आणि त्याचे माणूसपण कायम राहते. म्हणून धर्मशिक्षणात ‘देहधारण’ हा काहीसा कोरडा शब्द रुळला. साहित्याचे साचे मात्र देशीच होते: गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (1616) रचताना ओवी आणि पुराण हे साचेच उचलले होते.

पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधील वाँटेज येथे 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्रैक्य व ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांवरील त्यांच्या शंका मिटल्या नाहीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात निकायाचेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. बाईंना मत हवे होते ते स्वतः पारखलेले. नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांनी त्यांचे शंकानिरसन करण्याचा प्रयत्न केला. मराठी भाषकांतील या वादाचे इतके तपशीलवार साधन दुसरे क्वचितच असेल.

सातारा : रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) यांनी 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. अभंगांतून टिळक ख्रिस्ताला माउली म्हणतात. स्वभाव एक की दोन, हे त्यांनी सूत्ररूपाने मांडले नाही. वारकरी भक्तही विठ्ठलाविषयी ती चौकशी करत नाही. मिशनच्या चौकटीत हा दरबार सहज बसणारा नव्हता. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

सांगली-मिरज : हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे क्षेत्र होते. प्रेसबिटेरियन पंथाच्या वेस्टमिन्स्टर मतपत्रात काल्सेडॉनचे सूत्र अंतर्भूत आहे.